रीडिंगहून : पाटी वाचून मागे फिरू नये



गेल्या खेपेला आम्ही चिकाच्या हलव्याबद्दल लिहिलं, त्यावर पुष्कळ जणांनी फोन करून आपापल्या घरची कृती सांगितली. सर्वांचे आभार. या वेळी खाण्याचं कमी आणि चालण्याचं जास्त आहे. पण गुडघे दुखतात म्हणून कुणी पान उलटू नये. आमचेही दुखतात. बाळगोपाळांनी तर जरूर वाचावं, कारण यात एका वीस वर्षांच्या पोराची गोष्ट आहे.

आधी एक जुनी हकीकत सांगावी लागेल. आम्ही १९७३ साली भायखळ्याहून इथे रीडिंगला आलो. पुढच्या वर्षी मे महिन्यात एका रविवारी छान ऊन पडलं होतं, म्हणून आम्ही आणि सौ. गावाबाहेर फिरायला निघालो. डब्यात चपात्या आणि बटाट्याची भाजी. सौ. साडी नेसलेली. एका शेताच्या कडेला लाकडी फाटक होतं आणि पलीकडे गवतातून पायवाट गेलेली दिसत होती. फाटकाजवळ 'प्रायव्हेट' अशी पाटी होती. आत शिरून दहा पावलं टाकली असतील नसतील, तोच कुत्रा घेऊन एक गृहस्थ आले आणि ओरडले, "पाटी वाचता येत नाही का?" आम्ही 'सॉरी' म्हणून मागे फिरलो. डबा बसस्टॉपवर बसून खाल्ला. घरी आल्यावर दोघांनीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पण त्या दिवसापासून आम्ही फुटपाथ सोडला नाही. पार्कात गेलो, टेम्सच्या काठी बाकावर बसलो, समुद्रावर गेलो. मात्र या देशातली शेतं, टेकड्या, रानं ही आपली नव्हेत, ती साहेबाची, अशी मनाशी खूणगाठच बांधली. त्याला पन्नास वर्षं होऊन गेली.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या चिरंजीवांनी टूम काढली की मोटारीत तंबू घालून चार दिवस नॅशनल पार्क बघायला जायचं आणि आजी-आजोबांनीही यायचं. आम्ही म्हटलं, "अरे, तंबूत झोपायचं वय आहे का आमचं?" तर आठ वर्षांचा नातू म्हणतो, "आजोबा, सुक्कोथला तुम्ही मांडवात बसता ना? तसंच समजा. फक्त वर पानांच्या ऐवजी प्लास्टिक आहे." यावर काय बोलणार! सूनबाईंनी आमच्यासाठी दोन घडीच्या खाटा घेतल्या आणि आमचा शेवटचा बहाणाही संपला.

शब्बाथ घरी पाळला आणि रविवारी सकाळी निघालो. रीडिंगहून ऑक्सफर्ड, मग एम-४० आणि पुढे एम-१ धरून उत्तरेला. एकूण सुमारे १७० मैल. वाटेत दोनदा थांबून थर्मासमधला चहा आणि मेथीचे ठेपले झाले. दुपार उतरता डर्बीशायरमधल्या हेफील्ड गावी पोचलो आणि ओढ्याकाठच्या कॅम्पसाइटवर तंबू ठोकला. ठोकला म्हणजे नातवंडांनी ठोकला. आम्ही खुंट्या मोजून दिल्या. तंबूत जेवणाचं काय, हा प्रश्न आमच्या पिढीला पडतोच. त्यावर सौ.चा उपाय सोपा आहे. डाळ-तांदूळ, पोहे, बटाटे, कांदे आणि आपला तवा बरोबर घेतला की कोशरची अर्धी काळजी मिटते. सोमवारी सकाळी गॅसच्या छोट्या शेगडीवर कांदेपोहे झाले, तेव्हा शेजारच्या तंबूतली मुलं वासावर आली आणि खाऊनच गेली.

आता नॅशनल पार्क म्हटलं की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे बोरिवली येतं. शाळेची सहल, कान्हेरीची लेणी, माकडं आणि रात्री बिबट्या फिरतो अशी दटावणी. तिथे जंगल सरकारचं असतं, तिकीट काढून आत जायचं असतं. इथलं तसं नाही. पीक डिस्ट्रिक्ट पार्क जवळजवळ १४४० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे बोरिवलीच्या चौदापट. पण त्याला कुंपण नाही, दरवाजा नाही, तिकीट नाही. आत गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या आहेत, दुकानं आहेत, ३५ हजारांहून जास्त माणसं राहतात. आणि बरीचशी जमीन आजही खासगी मालकीची आहे! मालक वेगवेगळे, पण घरं कशी बांधायची, डोंगर कसे जपायचे यावर पार्कच्या प्राधिकरणाचा अंकुश. ब्रिटनमधलं हे सर्वांत पहिलं नॅशनल पार्क, १७ एप्रिल १९५१ रोजी झालं.

पोहे खाऊन आम्ही सहाही जण निघालो. कॅम्पसाइटपासून हाकेच्या अंतरावर बोडन ब्रिज म्हणून एक पूल आहे आणि तिथे दगडाची एक जुनी खाण आहे. आता तिथे गाड्या लावतात. खाणीच्या भिंतीवर एक पाटी बसवलेली आहे. पाटी दिसली की आमची पावलं आपोआप मंदावतात, ती सवय गेलेली नाही. पण अकरा वर्षांची नात धावत पुढे गेली आणि मोठ्याने वाचू लागली. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काऊटवरचा सामुदायिक 'ट्रेसपास' इथून सुरू झाला, असं त्यावर होतं.

"आजोबा, ट्रेसपास म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घुसणं ना? मग त्याची पाटी कशी काय लावली?" नातवाने विचारलं. प्रश्न बरोबर होता. नातीने शाळेत यावर अभ्यास केला होता, तेव्हा अर्धी गोष्ट तिने सांगितली आणि अर्धी चिरंजीवांनी. बाळगोपाळांनो, ती अशी आहे.

शंभर वर्षांपूर्वी या डोंगरांच्या एका बाजूला मँचेस्टर आणि दुसऱ्या बाजूला शेफील्ड अशी धुराने काळवंडलेली गिरण्या-कारखान्यांची शहरं होती. आपल्या लालबाग-परळसारखीच. भोंगा वाजला की कामावर, आणि आठवड्यातून रविवार तेवढा मोकळा. कामगारांची तरुण पोरं रविवारी सायकलवर किंवा आगगाडीने डोंगराच्या पायथ्याशी येत. पण किंडर स्काऊटच्या माथ्यावर जायला बंदी! मोठा भाग ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मालकीचा होता. तिथे ग्राऊज नावाचा तितरासारखा पक्षी शिकारीसाठी राखलेला असे. शिकार १२ ऑगस्टला सुरू व्हायची आणि मोजकेच दिवस चालायची. पण माणसांना मज्जाव मात्र वर्षभर. हातात सोटे घेतलेले राखणदार उभे असत.

मँचेस्टरमध्ये बेनी रॉथमन नावाचा एक मुलगा होता. वय वीस, गॅरेजमध्ये शिकलेला मोटार मेकॅनिक. १९३२ च्या वसंतात त्याच्या काही सोबत्यांना दुसऱ्या एका डोंगरावरून राखणदारांनी हुसकावून लावलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की चार-पाच जणांना हाकलता येतं, चारशेंना कसं हाकलाल? २४ एप्रिलच्या रविवारी सुमारे चारशे जण हेफील्डला जमले. सभेत बोलणारा माणूस ऐन वेळी मागे हटला, म्हणून बेनी स्वतः या खाणीतल्या एका कड्यावर चढला आणि बोलला. मग सगळे गाणी म्हणत निघाले. विल्यम क्लफ नावाच्या घळीपाशी पोचल्यावर शिटी वाजली आणि पोरं बंदी असलेल्या उतारावर चढू लागली. राखणदारांशी थोडी झटापट झाली, त्यात एका राखणदाराच्या पायाला दुखापत झाली. वर शेफील्डच्या बाजूने आलेली मंडळी भेटली, एकमेकांना जयजयकार केला आणि सगळे खाली उतरले. खाली पोलीस वाट बघत होते.

सहा जणांना पकडलं. जुलैमध्ये डर्बीला खटला चालला. गंमत बघा, नुसतं कुणाच्या जमिनीवरून चालत गेल्याबद्दल तुरुंगात टाकणारा कायदा तेव्हाही नव्हता. म्हणून आरोप ठेवले ते दंगल आणि मारहाणीचे. ज्यूरीत लष्करी अधिकारी आणि जमीनदार मंडळीच जास्त. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची सजा झाली. बेनीला चार महिने.

नातीने पकडलेल्यांची आडनावं वाचली : रॉथमन, नुसबाउम, मेंडेल, क्लाइन... आणि थांबून विचारलं, "आजोबा, हे आपले?"

होय बाळ, आपले. बेनीचे आई-बाप रुमानियातून मँचेस्टरला आलेले ज्यू. सौ. म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखेच, बाहेरून आलेले." पुढे नातीने फोनवर ज्यू कॅलेंडर काढलं. २४ एप्रिल १९३२ म्हणजे १८ निसान ५६९२. म्हणजे पेसाहचे मधले दिवस! ती पोरं घरी पेसाह कितपत पाळत होती, त्या खोलात आपण शिरू नये. पण मिसरातून सुटकेच्या सणात ही मंडळी डोंगर चढली, हे वाचून आम्हाला बरं वाटलं, एवढं खरं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या काळी चालणाऱ्यांच्या ज्या जुन्या संस्था होत्या, त्यांना हा प्रकार पसंत नव्हता. त्या अनेक वर्षं अर्ज-विनंत्या करून कायदा बदलू पाहत होत्या आणि या पोरांमुळे काम बिघडेल असं त्यांना वाटे. पण कडक सजा ऐकून लोक हळहळले आणि ज्यांना डोंगराशी काही देणंघेणं नव्हतं तेही विचारू लागले की चालण्याबद्दल तुरुंग? दोन्ही रेटे लागले तेव्हा गाडा हलला. १९४९ साली नॅशनल पार्कचा कायदा झाला, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट पार्क झालं. २००० सालच्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधल्या नकाशावर दाखवलेल्या डोंगर-माळांवर कुणालाही पायी हिंडण्याचा हक्क मिळाला.

२००२ साली या गोष्टीला ७० वर्षं झाली, तेव्हा त्या वेळचे ड्यूक ऑफ डेव्हनशायर इथे आले आणि आपल्या घराण्याकडून जे झालं त्याबद्दल सर्वांसमोर माफी मागितली. बेनी मात्र ती ऐकायला नव्हता. तीनच महिने आधी, जानेवारी २००२ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो वारला होता.

गोष्ट संपवून आम्ही चालू लागलो. रस्ता आधी डांबरी, मग धरणाच्या तलावाच्या कडेने व्हाइट ब्राउ नावाच्या उतारावरून पायवाट. ऑगस्टमध्ये तिथे हेदरची जांभळी फुलं फुलतात. साताऱ्याजवळचं कासचं पठार ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल. खाली तलावाचं काळं पाणी आणि समोर किंडरची लांबच लांब भिंत. त्या भिंतीला एक खाच आहे, तिथून सुमारे १०० फूट पाणी पडतं. रात्री पाऊस झाला होता, समोरून वारा सुटला होता. नातू ओरडला, "आजोबा, पाणी वर चाललंय!" खरंच, वारा पाण्याला पडूच देत नव्हता, तुषार उलटे आकाशात उडत होते. आम्हाला जुन्नरजवळचा नाणेघाट आठवला. पावसाळ्यात तिथेही पाणी असंच उलटं वर येतं. सातासमुद्रापलीकडे आलो तरी वाऱ्याचे खेळ तेच!

दीड-दोन मैल झाल्यावर विल्यम क्लफच्या तोंडाशी आलो. इथेच ती शिटी वाजली असेल. तिथे एक फाटक होतं. मुलं केव्हाच पार झाली. आम्ही मात्र उभे राहिलो. गुडघा दुखत होता हे खरं, पण नुसता गुडघा नव्हता. सौ.नी आमच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत ज्याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नव्हतो, ते त्यांनाही आठवत होतं.

"अहो, इथे कुणी ओरडणार नाही," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून आधी त्याच फाटकातून आत गेल्या. मग आम्हीही गेलो.

फार वर नाही गेलो. ओढ्याच्या कडेने शंभरेक पावलं, मग एका मोठ्या दगडावर बैठक मारली. चिरंजीव, सूनबाई आणि मुलं माथ्यावर गेली. आम्ही दोघं अडीच तास तिथे बसलो. येणारे-जाणारे हसून 'मॉर्निंग' म्हणत होते. दुपार झाली होती तरी 'मॉर्निंग'! आम्हाला अलिबागजवळच्या खंडाळ्याची आठवण झाली. लहानपणी एलियाहू हानबीच्या टापांचा खडक बघायला वडीलधाऱ्यांबरोबर गेलो होतो, तेव्हा रानातून, शेतांच्या बांधांवरून चालत जात असू. वाटेत कुणी अडवलं नाही, उलट पाणी विचारलं. कोकणातल्या गावात पायवाट म्हणजे लोकांच्या पायांनी झालेली वाट. चालणारे थांबले की गवत वाढतं आणि वाट बुजते. इथेही तसंच असावं, फक्त त्यासाठी कुणाला तरी तुरुंगात जावं लागलं.

मुलं उतरली ती गुडघ्यापर्यंत काळी होऊन! माथ्यावर पीट म्हणजे हजारो वर्षं कुजत साठलेल्या शेवाळाची आणि पाल्याची काळी, भुसभुशीत माती आहे. ती पाणी स्पंजसारखी धरून ठेवते. पण गिरण्यांच्या धुराने वरचं शेवाळ मेलं, आगी लागल्या, माती वाहून गेली. आता गेली वीसएक वर्षं तिथे नव्याने शेवाळ आणि गवत लावण्याचं काम चालू आहे. घळींना बांध घालतात, म्हणजे पाणी अडतं, खालच्या गावांना पूर कमी येतो. आपल्याकडे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणतात तेच की!

संध्याकाळी तंबूसमोर खिचडी खाताना नातू म्हणाला, "आजोबा, चालायला परवानगी आहे, मग वरच तंबू का नाही ठोकायचा?" हाही प्रश्न बरोबर. चालण्याचा हक्क वेगळा आणि मुक्कामाचा वेगळा. पीक डिस्ट्रिक्टमध्ये मालकाच्या परवानगीशिवाय माळावर तंबू लावता येत नाही. इंग्लंडमध्ये कायद्याने असा हक्क असलेली मोठी जागा एकच, दक्षिणेतलं डार्टमूर. तोही जायची वेळ आली होती. जमीनमालकांनी दावा लावला आणि जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने हक्क काढून घेतला. हजारो माणसं डार्टमूरवर चालत निघाली. त्याच वर्षी जुलैमध्ये वरच्या कोर्टाने तो परत दिला आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. इंग्लंडच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम ८ टक्क्यांवर मोकळं हिंडता येतं, असं सांगतात. म्हणजे बेनीची गोष्ट अजून संपलेली नाही.

आमच्या रीडिंगचंही एक उदाहरण द्यावंसं वाटतं. आमचं सिनेगॉग १९०० सालापासून गोल्डस्मिड रोडवर उभं आहे. त्याच आडनावाचे सर फ्रान्सिस गोल्डस्मिड १८६० पासून रीडिंगचे खासदार होते. १८५८ पर्यंत ज्यू माणसाला आपल्या धर्माप्रमाणे शपथ घेऊन पार्लमेंटमध्ये बसताच येत नव्हतं. तेही फाटक कुणीतरी धक्का दिल्यावरच उघडलं.

घरी परतल्यावर चिरंजीवांनी रीडिंग भागाचा मोठा नकाशा टेबलावर पसरला. ऑर्डनन्स सर्व्हेच्या या नकाशावर हिरव्या तुटक रेघा असतात. हिरवी तुटक रेघ म्हणजे सर्वांसाठी खुली पायवाट. आम्ही भिंग घेऊन ते १९७४ सालचं शेत शोधलं. सापडलं! आणि त्या शेतातून, अगदी त्या फाटकापासून, हिरवी तुटक रेघ गेली होती. 'प्रायव्हेट' होतं ते शेत. वाट नव्हती. पाटीही खरी होती आणि आमची पावलंही बरोबर होती. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही कुणाला विचारलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं तिथे गेलो. जुनं फाटक जाऊन नवीन लोखंडी आलंय, बाजूला पायवाटेचा बाण आहे. शेत ओलांडलं, पलीकडे झाडाखाली बसलो. डबा उघडला. चपात्या आणि बटाट्याची भाजी. सौ. म्हणाल्या, "थोडा उशीर झाला जेवायला."

तेव्हा मुलांनो, फाटक उघडलंत तर लावून घ्या, शेतातून जाताना वाट सोडू नका, मेंढ्यांना छेडू नका, कचरा परत आणा. हक्क वापरणाऱ्याने एवढं केलंच पाहिजे. आणि आमच्या वयाच्या मंडळींनो, तुम्ही लोदमध्ये असा, बीरशेवामध्ये असा की आमच्यासारखे इंग्लंडात, पाटी दिसली की लगेच मागे फिरू नका. आधी नकाशा बघा, कुणाला तरी विचारा. नातवंडांनाच विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

तुमच्यापैकी कुणी अशा पाटीपुढून मागे फिरला असाल, तर जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात भेटूच. शालोम!